घंगाळाच्या काठावरचं नाव

नमस्कार मंडळी.

सकाळपासून मागच्या टेबलांवर तुम्ही मांडलेल्या वस्तू बघत फिरते आहे. पंचपाळं, अडकित्ते, रांगता बाळकृष्ण, धान्य मापायची अधोली, एका ताईंनी आणलेली आजेसासूबाईंची पैठणी. प्रत्येक वस्तूपाशी थांबून मी एकच विचारलं, ही कुणाची? बऱ्याच जणांनी सांगितलं, "आमच्याकडे पूर्वीपासून आहे." मला आज त्या 'पूर्वीपासून'बद्दलच बोलायचं आहे.

मी आणलंय ते तांब्याचं घंगाळ. सव्वाचार किलो वजनाचं, दोन बाजूंना कड्या. आजी गेली, घर विकायला निघालं आणि माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालायचं ठरलं. मी पोहोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. हंडे, बंब, सतेली, सगळं वजनावर गेलेलं. मी फक्त हे घंगाळ उतरवून घेतलं. परतताना 23 किलोच्या बॅगेत आधी घंगाळ ठेवलं आणि त्याच्या पोटात कपडे भरले. गेली कितीतरी वर्षं नरकचतुर्दशीला आमच्या टोरांटोच्या घरात अभ्यंगाचं पाणी याच घंगाळात विसणलं जातं.

याच्या अंगावर ठोक्यांच्या खुणा दिसतात ना, ते मठारकाम. तांबं मूळचं मऊ. हातोडीचा ठोका ठोक्याला लागून पडत गेला की पत्रा घट्ट होतो आणि उजेडात चमकतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम आजही चालतं. गेलात तर जरूर बघून या.

काठावर काहीतरी कोरलेलं आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. पण वर्षानुवर्षं चिंच लावून घासल्यामुळे अक्षरं पुसट झाली होती. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने काठावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. काळ्या कागदावर पांढरी टिंबं उमटत गेली. आधी 'चि. सौ. कां.', मग एक तीन अक्षरी नाव, मग 'हीस मामांकडून', आणि शेवटी 'वैशाख शके 1862'. म्हणजे 1940चा उन्हाळा, आजीच्या लग्नाचा.

ते तीन अक्षरी नाव आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं.

तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि त्याच नावाने ती पुढची साठ-पासष्ट वर्षं आमच्या घरात वावरली. कागदपत्रांवर तेच, हाकेत तेच. माहेरचं नाव मागे राहिलं ते या काठावर. भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायची पद्धत होती. कारागीर बारीक छिन्नीने टिंबाला टिंब जोडून अक्षरं उठवायचा. कार्यासाठी शेजारीपाजारी गेलेली भांडी त्या नावावरूनच घरी परत यायची.

आजीची धाकटी बहीण नाशिकला असते. वय वर्षं 91. मी फोनवर तिला ते नाव वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाली, "या नावानं तिला हाक मारणारी आता मी एकटीच उरले गं." आणि तिने सांगितलं, मामा हे घंगाळ बैलगाडीतून घेऊन आले होते, आंब्यांनी भरून. वर गवत होतं. आम्ही पोरी आधी आंब्यांवरच तुटून पडलो, म्हणाली.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुमच्यापैकी अनेकजण गेले असतील. दिनकर केळकरांनी आणि कमलाबाईंनी पदरमोड करून, गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दारं, स्वयंपाकघरातली साधनं जमवली. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. 20 हजारांहून अधिक वस्तू. मी तिथे जाते तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटासमोर खूप वेळ उभी राहते. घोडे, मोर, जोडपी, काय एकेक घडण! पण तो अडकित्ता कुणाच्या कनवटीला असायचा, सुपारी कातरताना कोण कुणाशी काय बोलायचं, हे कपाटातून कळत नाही. ते सांगणारी माणसं फक्त घरात असतात, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहेत. मला याची फार काळजी वाटते.

म्हणून टेबलांवर कोरी कार्डं ठेवली आहेत. वस्तू कुणाची, कुठल्या गावची, कुणी दिली, रोज तिचं काय व्हायचं, जेवढं ठाऊक असेल तेवढं मराठीत लिहा. उरलेलं गावाकडच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पैठणीची घडी अधूनमधून बदला, नाहीतर जरीचे धागे घडीवर तुटतात. आणि भांडी खुशाल लख्ख करा, फक्त अक्षरांवर काथ्या फिरवू नका.

माझ्या कार्डावर एक ओळ अजून रिकामी आहे. आजीला मामा तीन होते. त्यातले हे कोणते, ते विचारायचं राहून गेलं. आज रात्री इथे दहा वाजले की नाशकात सकाळ झालेली असेल. तेव्हा फोन लावणार आहे.