शेजाऱ्याला काय ऐकू येतं?

(दृश्य : टेक्सासमधलं रान. तारेचं कुंपण, मागे मातीचा बांध, बांधापुढे टांगलेल्या पोलादी पाट्या.)

दोन बार ऐकलेत. पहिला साध्या नऊ एमएम पिस्तुलाचा. दुसरा त्याच पिस्तुलाचा, नळीच्या तोंडावर सायलेन्सर चढवून.

सिनेमातला तो ‘फुस्स’ काही आला नाही, आणि येणारही नाही. नुसतं नऊ एमएम साधारण १६० डेसिबलचा दणका देतं. चांगला सायलेन्सर त्यातले तीसेक डेसिबल खातो. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी अचानक होणाऱ्या आवाजाची मर्यादा १४० डेसिबल आहे. म्हणजे पिस्तूल मुकं होत नाही, पण बार त्या मर्यादेच्या खाली येतो.

(दृश्य : तिपाईवरचा मायक्रोफोन.)

अमेरिकी लष्कराच्या पद्धतीप्रमाणे मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून डावीकडे १ मीटरवर आणि जमिनीपासून १.६ मीटर उंच ठेवतात. मोबाइलमधलं ॲप इथे चालत नाही. बार मिलिसेकंदांत आटोपतो, आणि एवढा मोठा दणका फोनच्या माइकला झेपतच नाही.

(दृश्य : उभा कापलेला सायलेन्सर. कॅमेरा अगदी जवळ.)

आत पाहा. एकामागे एक धातूचे पडदे, मधोमध गोळी जाईल एवढं भोक. गोळी सरळ निघून जाते. तिच्यामागून येणारा तापलेला वायू मात्र प्रत्येक कप्प्यात अडकतो, पसरतो, निवतो आणि मग बाहेर पडतो. पडद्यांवर धरलेली ही काळी काजळी त्याचीच. पहिला बार पुढच्या बारांपेक्षा मोठा वाजतो, कारण तेव्हा नळकांड्यात ताजी हवा असते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनवर उरलीसुरली दारू पेटते.

(दृश्य : हायरम पर्सी मॅक्सिमचं जुनं छायाचित्र, पेटंटचा कागद.)

हा हायरम पर्सी मॅक्सिम. याच्या बापाने मशीनगन काढली आणि बंदुकांच्या आवाजात स्वतःचे कान घालवले. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज मारणाऱ्या नळकांड्याचं पेटंट घेतलं. मोटारींत रमणारा हा इंजिनियर. मोटारीच्या धुराड्याचा आवाज आणि बंदुकीचा बार त्याच्या लेखी एकाच जातीचे. त्याची गिऱ्हाइकं मारेकरी नव्हती, नेमबाज होते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थिओडोर रूझवेल्टनेही आपल्या विंचेस्टर रायफलीला मॅक्सिमचा सायलेन्सर बसवून घेतला होता. ऑयस्टर बे या आपल्या गावच्या शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून, असं सांगतात.

मग अमेरिकेत १९३४ चा केंद्रीय शस्त्र कायदा आला आणि या नळकांड्याला मशीनगनच्या पंगतीत बसवलं. प्रत्येक नगाच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर, म्हणजे तेव्हाच्या किमतीच्या कितीतरी पट. मोटारीला सायलेन्सर नसला तर दंड, बंदुकीला असला तर कर. हे गणित आम्हाला अजून उमगलेलं नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत १२ जणांना ठार करणाऱ्याच्या .४५ (म्हणजे ०.४५ इंच जाडीच्या गोळीच्या) पिस्तुलावर सायलेन्सर होता, याची नोंद करून पुढे जाऊ.

(दृश्य : हळू गतीत गोळी. मागे सरकणारी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, हवेत उडालेलं रिकामं काडतूस.)

कुंपणापलीकडच्या माणसाला नेमकं काय ऐकू येतं, ते या दृश्यात आहे. बार थोपवला तरी गोळी उरतेच. ७.५ ग्रॅमची हलकी नऊ एमएम गोळी बहुधा ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरपेक्षा, वेगाने जाते आणि वाटेभर चाबकासारखा कडाका काढते. त्यावर सायलेन्सरचा काडीचा इलाज नाही. ९.५ ग्रॅमची जड गोळी सेकंदाला तीनशेच्या आसपास राहते, .४५ ची त्याहून हळू. कडाका गेला की उरतो स्लाइडचा खडखडाट. आणि ही पोलादी पाटी! गोळी लागली की देवळातल्या घंटेसारखी वाजते. रबराचं लक्ष्य लावलं तर तेवढी कटकट तरी मिटते.

आता हिशेब. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल गळतात. १ मीटरवर १३० असलेला बार १२८ मीटरवर ८८ भरतो. सायलेन्सर नसता तर ११८. मध्ये झाडं, गवत, बांध आले तर आणखी कमी. तरी ८८ म्हणजे ऐकू येणारच. ओट्यावर बसलेला शेजारी मान वळवून बघेल, पण दचकून उठणार नाही.

(दृश्य : अर्ज, बोटांचे ठसे घेणारा हात.)

१ जानेवारी २०२६ पासून तो २०० डॉलरचा कर शून्य झाला. अर्ज, ठसे, फोटो आणि केंद्राची मंजुरी मात्र कायम. टेक्सासमध्ये शहरहद्दीबाहेरच्या वसाहतीत प्लॉट १० एकर किंवा त्याहून लहान असेल, तर तिथे गोळी झाडायलाच काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, बंदी घालू शकते. सायलेन्सर असो वा नसो. आणि मराठी माणूस जिथे जास्त, त्या न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगताच येत नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर आवाज कमी करणारा हा जोडभाग बंदुकीच्याच व्याख्येत बसवलेला आहे.