चार वॉशर आणि एक प्रमाणपत्र

पत्रिकेत आजचा विषय ‘नव्या चालकांवरची ताकदीची मर्यादा आणि विमा’ असा छापलाय. ‘विमा’ हा शब्द वाचूनही इतकी मंडळी आली, म्हणजे एकतर घरात मुलं मोटारसायकल मागतायत, नाहीतर बाहेर पाऊस आहे.

इथले, म्हणजे ब्रिटनचे, नियम तुम्हाला माहीत आहेत. 17व्या वर्षी 125 सीसी आणि 11 किलोवॉट. 19व्या वर्षी ए-टू परवाना, म्हणजे 35 किलोवॉट, साधारण 47 अश्वशक्ती. त्यावर दोन वर्षं काढून परीक्षा दिलीत तर 21व्या वर्षी हवी ती गाडी, नाहीतर थेट 24व्या वर्षी. रॉयल एनफिल्डची 650 नेमकी 47च्या घरात आहे, हा काही योगायोग नसावा.

ही रचना 2013ची. माझ्या वेळी नियम वेगळा होता: नवा परवाना, दोन वर्षं 33 अश्वशक्ती. मूळ गाडी कितीही दांडगी असली तरी चालायची, फक्त तिला वेसण घातलेली हवी. मी एक जुनी 600 घेतली, चार सिलिंडरची, मोकळी असती तर शंभराच्या आसपास अश्वशक्तीची. वेसण कसली, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवायचे चार वॉशर. भोक लहान, हवा कमी, ताकद कमी. विकणाऱ्याने सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र दिलं. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलं, जन्मपत्रिकेसारखं.

पुढची दोन वर्षं मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. कोणी मागे टाकलं की मी म्हणायचो, “वॉशर आहेत हो, नाहीतर दाखवलं असतं.” चढावर गाडी रेंगाळली, वॉशर. पेट्रोल जास्त लागलं, वॉशर. घरचेसुद्धा विचारायला लागले, “कधी निघणार रे तुझे ते वॉशर?”

दोन वर्षं झाली. मोठ्या समारंभाने गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने टाकी उतरवली, कार्ब्युरेटर काढले, बॅटरी मारून आत पाहिलं आणि मला हाक मारली. वॉशर नव्हतेच! चारांपैकी एकही नाही. दोन वर्षं मी पूर्ण मोकळी गाडी चालवत होतो आणि ती मंद आहे म्हणून रडत होतो. (हसा. मेकॅनिकही हसला होता, वर मजुरीही घेतली.)

मला कळलं कसं नाही? कारण मूठ मी कधी अर्ध्याच्या पुढे पिळलीच नव्हती. वॉशर ताकदीचं शिखर छाटतात, खालच्या आर. पी. एम.ला, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांना, गाडी जवळपास तशीच ओढते. ओल्या वळणावर नवशिक्या घसरतो तो काही शंभर अश्वशक्ती वापरून नव्हे. नव्या ए-टू नियमात मूळ गाडी 70 किलोवॉटच्या वर नको, आणि वेसण घातल्यावर वजनाच्या दर किलोला 0.2 किलोवॉटपेक्षा जास्त नको, हे शहाणपण आलंय. ऑस्ट्रेलियावाले तर आधीपासून ताकद आणि वजन एकत्र मोजतात, कारण कमी सीसीतही भरपूर ताकद देणाऱ्या 250 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी नुसत्या सीसीची अब्रू केव्हाच घालवली होती. त्यावर वेगळं व्याख्यान होईल...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विमा.

माझं म्हणणं एवढंच की रस्त्यावर कार्ब्युरेटर उघडून कोणी बघत नाही. बघते ती विमा कंपनी, आणि तीही अपघात झाल्यावर. मी फॉर्मवर ‘33 अश्वशक्ती’ लिहिलं होतं. त्या काळच्या कायद्यात, अजाणता चुकीचं सांगितलं तरी पॉलिसी रद्द करायला कंपनीला वाव होता. 2012च्या कायद्याने हे सौम्य केलं: ग्राहकाने वाजवी काळजी घेतली असेल तर तो दोषी नाही, हलगर्जीपणा असेल तर क्लेम कापला जाऊ शकतो, मुद्दाम फसवलं तर पॉलिसीच जाते. समोरच्या जखमी माणसाला कंपनीला बहुधा पैसे द्यावेच लागतात, पण नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणून वेसण घातली तरी कळवा, काढली तरी कळवा.

आणि ताकद निम्मी केली म्हणून हप्ता निम्मा होत नाही. वय, पत्ता, चोरीची शक्यता, सुट्या भागांची किंमत, सगळं त्यात येतं. पडल्यावर फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, तेवढंच फुटतं.

दुसरी चिठ्ठी आली, आता थांबतो. ते प्रमाणपत्र आणलंय. चहाच्या वेळी बघा, शिक्का फार सुंदर आहे.