एलिऑनबाईंच्या गोळ्या

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या दवा बाजारात मिळणाऱ्या ॲलोप्युरिनॉल, ॲझाथायोप्रिन आणि असायक्लोव्हिर या तिन्ही औषधांमागे गर्ट्रूड एलिऑन यांचा हात आहे. जन्म १९१८, न्यूयॉर्क. रसायनशास्त्र शिकूनही बाई म्हणून प्रयोगशाळांची दारं बंद. काही काळ त्या किराणा कंपनीसाठी लोणच्याचा आंबटपणा तपासत. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली आल्या. पीएचडी अर्धवटच राहिली, नोबेल मात्र १९८८ मध्ये मिळालं.

वाढणाऱ्या पेशीला प्युरिनं, म्हणजे डीएनए बांधायला लागणारे घटक, लागतात. त्यातल्या एकात ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं की पेशी फसते आणि वाढ खुंटते. हेच ६-मर्कॅप्टोप्युरिन, १९५३ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात. पण झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते भराभर मोडतं. त्याला अडवायला ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलं, तर युरिक ॲसिडही उतरलं, कारण तेही याच एन्झाइममुळे तयार होतं. गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याच्या आजारावरची, गोळी हाती आली ती अशी.

मेख इथंच आहे. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून किडनी बसवलेला माणूस ॲझाथायोप्रिन घेतो. शरीरात त्याचं मर्कॅप्टोप्युरिनच होतं. पुढे गाऊटनं पायाचा अंगठा सुजतो आणि दुसरे डॉक्टर ॲलोप्युरिनॉल लिहून देतात. एन्झाइम अडलं, औषध साचलं, पांढऱ्या पेशी घसरल्या! दोन्ही द्यायचीच झाली तर डॉक्टर ॲझाथायोप्रिन पाव ते एक-तृतीयांशावर आणतात आणि रक्त वरचेवर तपासतात. आपण दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर एकत्र दाखवायच्या, एवढं तरी नक्की करा.

असायक्लोव्हिर नागिणीवरचं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच या गोळीला कामाला लावतं, म्हणून निरोगी पेशी वाचतात. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, हे खरं नाही. गेरू फासण्यात मात्र मोलाचा वेळ जातो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत औषध सुरू व्हायला हवं. मोठ्या माणसाला डॉक्टर सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाचदा, सात दिवस देतात: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. इतक्यांदा, कारण गोळीतला जेमतेम १० ते २० टक्के भाग रक्तात पोचतो आणि तीनेक तासांत त्यातला निम्मा निघून जातो. पाणी भरपूर प्या, नाहीतर मूत्रपिंडात स्फटिक धरतात. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागते. आणि फोड सुकले म्हणून तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात टाकू नका.