साडेआठचा पाऊस

[दृश्य: शिवाजीनगर. दगडी इमारत, चौकातली वाहनं, भुरभुर पाऊस.]

या चौकाला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं. देशभरातल्या हवामानाच्या नोंदी सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र आजही पुण्यातच आहे.

[दृश्य: पर्जन्यमापक. पाणी मोजपात्रात ओतलं जातं.]

"काल वीस मिलिमीटर झाला."

यातला 'काल' कुठला? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज साडेआठला मोजलेलं पाणी काल साडेआठपासूनचं असतं, आणि नोंद आजच्या तारखेला पडते. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर ज्या सरीनं तुम्हाला गाठलं, ती वहीत बुधवारची. आता हे ठाऊक नसलेल्या कुणी हा आकडा रस्ते तुंबल्याच्या तक्रारींशी तारखेवरून जोडला, तर रस्ता मंगळवारी तुंबलेला आणि पाऊस बुधवारचा! पुण्यात हेही कुणाला खरं वाटेल म्हणा.

आणि हे मोजपात्र. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असेल, तर २० मिलिलीटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. तोंड १०० चौरस सेंटीमीटरचं असेल, तर तेवढंच पाणी २ मिलिमीटर. मोजपात्रांची अदलाबदल झाली, की पाऊस दुप्पट किंवा निम्मा. कागदावरच्या आकड्याकडे बघून हे कधीच कळत नाही.

[दृश्य: फळ्यावर खडूनं काढलेला त्रिकोण.]

डेटा व्यवस्थापन शिकवताना हा त्रिकोण हमखास काढतात. तळाशी डेटा, वर माहिती, मग ज्ञान, टोकाला शहाणपण. व्यवस्थापनतज्ज्ञ रसेल ॲकॉफ यांच्या १९८९च्या लेखामुळे ही उतरंड गाजली. (डेटाला मराठीत 'विदा' असा शब्द आहे, ऑफिसात तो उच्चारून बघा, लोक विद्या समजतात.) पण डामा या डेटा व्यवस्थापकांच्या संस्थेचा प्रमाणग्रंथच या उतरंडीवर हरकत घेतो. डेटा आयता मिळत नाही, तो तयार करावा लागतो; आणि कुठे, केव्हा, कशानं मोजायचं हे ज्ञान त्याआधी लागतं. आमच्या मते पर्जन्यमापकाशेजारी उभं राहिलं, की हे वेगळं शिकवावं लागत नाही. तळाचं मडकं घडवायलाच वरच्या मडक्यातलं काही लागलेलं असतं.

साडेआठची वेळ, मोजपात्राचं माप, मापक कुठून कुठे हलवला त्याची नोंद, हा मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती. डेटा सांभाळणाऱ्याचे बरेच कष्ट यातच जातात.

[दृश्य: मुठा नदी, भिडे पूल, लावलेले बॅरिकेड.]

खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे ऐकून पुणेकर पाण्याखाली जाणाऱ्या भिडे पुलाचा नाद सोडतो आणि लकडी पुलाकडे वळतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे त्याला सांगता येईलच असं नाही. नदी मात्र त्यानं अनेक पावसाळे पाहिलेली असते.

[दृश्य: जुनी नोंदवही. शाईनं भरलेले रकाने. एका रकान्यात नुसती रेघ.]

ही रेघ. त्या दिवशी पाऊस पडला नाही, की मोजायला कुणी आलंच नाही? वही संगणकावर उतरवताना इथे शून्य टाकायचं की रकाना रिकामा ठेवायचा, ते यावर ठरतं. शून्य टाकलं, तर त्या महिन्याचा पाऊस कोरड्या दिवसासकट पुरा मोजला, असं धरलं जाईल. खुलासा बहुधा वहीच्या पहिल्या पानावर असतो.

[दृश्य: वही उलटून पुढची बाजू. पहिलं पान फाटलेलं.]