दोन मोजपट्ट्या: अमेरिकेतील विशेष शिक्षण संशोधनाच्या अर्जांची पारख

[दृश्य: वॉशिंग्टन, मेरीलँड अव्हेन्यू. शिक्षण विभागाची इमारत, एकसारख्या खिडक्यांच्या रांगा.]

माजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नाव धारण करणारी ही इमारत अनेक दशके अमेरिकेच्या संघराज्यीय शिक्षण विभागाचे मुख्यालय राहिली आहे. अपंग मुलांना कोणत्या पद्धतीने वाचता येऊ लागते, कोणत्या पद्धतीत त्यांचा नुसता वेळ जातो, शिक्षकाने नेमके काय बदलावे, या प्रश्नांवर संशोधन करण्यासाठी सरकारी निधी मागणारे अर्ज याच विभागाकडे येतात.

[दृश्य: अभिलेखागारातील कृष्णधवल छायाचित्रे. वर्गखोल्या, कायद्यांची पिवळी पडलेली पाने.]

या निधीची सुरुवात फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. १९५४ च्या कोऑपरेटिव्ह रिसर्च अ‍ॅक्टने सरकारला शिक्षण संशोधनासाठी विद्यापीठांशी करार करण्याची मुभा दिली, परंतु प्रत्यक्ष पैसे मंजूर होण्यास १९५७ हे आर्थिक वर्ष उजाडावे लागले. ती रक्कम १० लाख डॉलर होती आणि त्यांपैकी ६,७५,००० डॉलर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणावरील संशोधनासाठी राखून ठेवले होते. ज्या मुलांना तेव्हा अनेक शाळा दारातही उभे करत नव्हत्या, त्यांच्या नावावर या कायद्याखालच्या पहिल्या निधीचा दोन तृतीयांश हिस्सा होता, ही गोष्ट आज वाचताना थांबायला लावते.

पुढे ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात अपंग मुलांच्या शिक्षणावरील संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद होती. केनेडी यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अपंगत्व होते, त्यामुळे हा विषय त्या घराला परका नव्हता. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांचा मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क मान्य केला. देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी कबुली त्या कायद्याच्या मजकुरातच नोंदवलेली आहे. २००२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस ही शिक्षण विभागाची संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७५ च्या कायद्याला २००४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तिच्या अंतर्गत नॅशनल सेंटर फॉर स्पेशल एज्युकेशन रिसर्च हे केंद्र निर्माण केले. विशेष शिक्षण संशोधनाचे अर्ज त्यानंतर या केंद्राच्या नावे मागवले जाऊ लागले.

[दृश्य: संगणकाचा पडदा. अर्जाची पाने हळूहळू वर सरकतात.]

पडद्यावर सरकणाऱ्या या पानांना मर्यादा आहे. संशोधनाचे मुख्य विवेचन साधारण २२ ते २५ पानांत बसवावे लागते, आणि एखाद्या संशोधकाची दहा वर्षांची धडपडही तेवढ्याच जागेत मावावी लागते. अर्ज लिहिताना अर्जदाराला मार्गदर्शन करणारे कार्यक्रम अधिकारी आणि परीक्षणाचे काम चालवणारे कार्यालय यांना एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आहे, जेणेकरून ज्याने सल्ला दिला त्याच्याच हातात निकाल राहू नये. ज्या परीक्षकाचे अर्जदाराशी हितसंबंध गुंतलेले असतील, त्याला त्या अर्जाच्या चर्चेतून बाहेर राहावे लागते.

[दृश्य: गुणपत्रकाचा नमुना, जवळून.]

हे गुणपत्रक नीट पाहण्याजोगे आहे. विषयाचे महत्त्व, संशोधनाचा आराखडा, संशोधकांची पात्रता आणि उपलब्ध साधने या चार निकषांना प्रत्येकी १ ते ७ गुण दिले जातात आणि येथे ७ हा सर्वोत्तम गुण असतो. त्याच अर्जाला एकूण गुण मात्र १ ते ५ या मोजपट्टीवर मिळतात आणि तेथे १ सर्वोत्तम, तर ५ सर्वांत वाईट मानला जातो. एकाच कागदावरच्या दोन मोजपट्ट्या विरुद्ध दिशांना चढतात; नवख्या अर्जदाराला आपल्या निकालावर आनंद मानावा की दुःख, हे समजण्यास दोनदा वाचन करावे लागत असेल. एकूण गुण साधारण २.५ किंवा त्याहून कमी आले, तरच अर्ज निधीच्या विचारात घेतला जातो.

प्रथम किमान दोन परीक्षक प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे वाचून लेखी मत आणि प्राथमिक गुण देतात. त्या गुणांच्या क्रमाने वरचे अर्ज परीक्षकांच्या पूर्ण मंडळासमोर जातात आणि उरलेल्यांचा प्रवास तेथेच थांबतो. क्रमात मागे पडलेला अर्जही चर्चेस योग्य आहे असे मंडळातील एखाद्या सदस्यास वाटले, तर तो त्या अर्जाचे नाव पुढे करू शकतो. बैठक बंद दाराआड होते. चर्चेनंतर प्रत्येक सदस्य स्वतःचे गुण स्वतंत्रपणे नोंदवतो.

[दृश्य: एक लहान मुलगी शिक्षिकेच्या तळहातावर बोटांनी खूण करते. बराच वेळ हेच दृश्य.]

या मुलीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिच्यासारखी मुले एका जिल्ह्यात एखाददुसरीच असू शकतात, तर संशोधनाचा आराखडा तपासणारा परीक्षक स्वाभाविकपणे विचारतो की नमुना किती मोठा आहे, तुलनागट कोणता आहे आणि निष्कर्ष किती मुलांना लागू होतील. अपंगत्व जितके विरळ, तितके या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर देणे कठीण होते. यावर तोडगा म्हणून एकाच मुलाचे वारंवार मोजमाप घेऊन, शिकवण्याची पद्धत सुरू करून, थांबवून आणि पुन्हा सुरू करून बदल पाहणारी एकल-व्यक्ती प्रयोगरचना विशेष शिक्षणात पूर्वीपासून वापरली जाते. शैक्षणिक पुराव्यांची छाननी करणाऱ्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस या सरकारी उपक्रमाने २०१० मध्ये अशा अभ्यासांसाठी प्राथमिक निकष प्रसिद्ध केले. मोठे आकडे पाहण्याची सवय जडलेल्या परीक्षकाला पाच मुलांचा अभ्यास पटवून देण्यासाठी अर्जदाराला त्याच मोजक्या पानांतील जागा खर्च करावी लागते, जी मोठ्या नमुन्याच्या अर्जदाराला सहसा मोकळी मिळते.

[दृश्य: व्हीलचेअरवर बसलेली एक व्यक्ती, समोर कागदांचा गठ्ठा.]

मंडळात बसणारे बहुतेक जण संशोधक असतात. १९७५ पासूनच्या त्याच विशेष शिक्षण कायद्याच्या दुसऱ्या एका भागात मात्र, जेथे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि तांत्रिक साहाय्य यांसाठी अनुदान दिले जाते, तेथे स्थायी परीक्षक मंडळात अपंग व्यक्ती आणि अपंग मुलांचे पालक असले पाहिजेत असे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. प्रशिक्षणाच्या पैशावर ज्यांचे मत आवश्यक मानले गेले, त्यांच्यासाठी संशोधनाच्या मंडळात तशी खुर्ची राखलेली नाही. गुणपत्रकावरच्या ‘विषयाचे महत्त्व’ या रकान्यात आकडा कोण भरतो, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ ठरत नाही.

[दृश्य: रिकामा मजला, बंद केलेले संगणक.]

मार्च २०२५ मध्ये शिक्षण विभागाने आपले मनुष्यबळ जवळपास निम्मे करण्याचे जाहीर केले आणि ही यंत्रणा चालवणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसमध्ये मोजकेच कर्मचारी उरले.

[दृश्य: पुन्हा संगणकाचा पडदा, नवा अर्ज.]

नाकारलेल्या अर्जासोबत परीक्षकांची लेखी मते अर्जदाराकडे परत येतात. पुन्हा अर्ज करायचा असेल, तर त्या प्रत्येक आक्षेपाला आपण काय उत्तर दिले, हे वेगळ्या परिशिष्टात मांडावे लागते; त्या परिशिष्टाची पहिली ओळ आता पडद्यावर टंकलिखित होत आहे.