बातमी आणि घास

श्रोतेहो, नमस्कार.

समोर बातम्या लागलेल्या असतात आणि हातातला घास हातातच राहतो. तुमच्याही घरी होत असेल. माझ्या मावशीचं झालं, ते आज सांगते.

मावशी किल्लारीजवळची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं होती. गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलेलं. भूकंप झाला आणि दगडमातीची जाड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मावशी वाचली. तिची सासू आणि धाकटा दीर गेले.

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तोही पहाटे, माणसं झोपेत असताना. तीन दिवसांनी मी लातूरला गेले, तर मावशी टीव्हीपुढे आणि ताट झाकलेलं. म्हणाली, "म्या हितं भाकर खायची आन् तितं लेकरं ढिगाऱ्याखाली. घास उतरंना गं."

मी म्हटलं, टीव्ही बंद कर. ती चिडलीच. "बंद केल्यानं ढिगारा हलतोय व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग उठून तिनं ट्रंक उघडली आणि एक करडं ब्लँकेट काढलं. भूकंपानंतर भर पावसात तिला कुणीतरी दिलेलं, तीस वर्षं जपलेलं. "ह्ये कुणी पाठवलं, मला ठाव न्हाई. पर पाठवलं. त्यो नुसता रडत उपाशी बसला असता, तर मला काय मिळालं असतं?"

गावाबाहेर ऊसतोड कामगारांची पालं होती. तिथल्या एका बाळंतिणीला ते ब्लँकेट तिनं स्वतः जाऊन दिलं. घरी आली, हातपाय धुतले आणि अर्धी भाकरी खाल्ली.

माझं स्पष्ट मत आहे, जेवायच्या खोलीत टीव्ही नसावाच.

तर, एकच दृश्य दिवसभर दाखवतात आणि दर वेळी जिवाला वाटतं, हे आत्ता, पुन्हा घडतंय. म्हणून बातमी दिवसातून एकदा. एकदाच. झोपताना तर नकोच. आणि मन खाऊ लागलं, की हाताला जमेल तेवढं एक काम त्याच दिवशी करा. रक्त द्या, पैसे पाठवा, शेजारच्या आजीला दवाखान्यात न्या. त्याच दिवशी, बरं का.

तरीही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालू असतो. नंबर लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.