पिवळा गूळ, तपकिरी गूळ

(दृश्य : पहाटेचं गुऱ्हाळ, चुलवाणातला जाळ)

दसरा-दिवाळी झाली की कोल्हापूरकडे पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळं पेटतात. तोडलेला ऊस शिळा होऊ द्यायचा नाही, म्हणून उजाडायच्या आत चरक सुरू होतो. रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो. खाली जळण कसलं, तर याच उसाची वाळलेली चिपाडं.

(दृश्य : रसावर आलेली मळी)

ही मळी नीट बघा. रस तापला की हिरवट-काळपट फेस वर येतो. बाजूच्या पिंपात भेंडीची झाडं ठेचून भिजत घातलीत. तो चिकट रस काहिलीत पडला की मळीला धरून वर येतो आणि माणसं ती ओढून बाहेर काढतात. एवढ्यानं गूळ स्वच्छ होतो, पिवळाधमक होत नाही. पिवळेपणासाठी अनेक ठिकाणी हायड्रोस ही रासायनिक पावडर टाकतात. ती रंग उडवते आणि गुळात गंधकाचा अंश ठेवून जाते. या काहिलीत ती पडलेली नाही.

(दृश्य : गुळवे पाकाची गोळी बघताना)

काहिलीजवळ उभे आहेत ते गुळवे, गूळ करणारे कारागीर. पाक ११८ अंशांच्या आसपास गेला की काहील उतरवायची, पण त्यांचा भरवसा बोटांवर. थंड पाण्यात थोडा पाक सोडायचा, गोळी वळून बघायची. जरा घाई झाली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मग पाक निववायच्या वाफ्यात ओततात, घोटतात, आणि रवे, म्हणजे ढेपा भरतात. टनभर उसातून निघतो साधारण १०० ते १२० किलो गूळ.

(दृश्य : मार्केट यार्ड, गुळाचे सौदे)

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून कोल्हापूरच्या गुळाचा व्यापार वाढत गेला. आज यार्डात सौदा होतो तो आधी रंगावर. पिवळा रवा चढतो, तपकिरी मागे राहतो.

(दृश्य : लक्ष्मीपुरी, किराणा दुकान)

आणि हा रंग ठरवतो कोण? गिऱ्हाईक. सेंद्रिय आहे का, असं विचारणारी माणसं आता कोल्हापुरात पुष्कळ आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तपकिरी ढेप समोर आली की, "जरा पिवळा दाखवा की!" सणाच्या पुरणपोळीला तर पिवळाच लागतो. दुसरीकडे, काळा दिसला म्हणजे सेंद्रियच, असं मानणारेही आहेत. तेही खरं नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा किंवा शिळ्या रसाचा गूळही काळपट होतो.

(दृश्य : उसाचा फड)

काहिलीत पावडर नाही म्हणजे गूळ रसायनविरहित झाला. सेंद्रिय म्हणायचं तर ऊसच रासायनिक खतं आणि औषधांशिवाय वाढलेला हवा, आणि प्रमाणपत्रासाठी जमिनीला त्याआधी दोन ते तीन वर्षं तशी ठेवावी लागते. हा फड आणि शेजारचा फड, दोन्ही आपल्याला सारखेच हिरवे दिसतात. कॅमेऱ्यालाही. त्या दोन-तीन वर्षांत उतारा घटला तरी माल नेहमीच्याच भावानं जातो. असा गूळ उठला नाही की शेतकरी पुढच्या हंगामात ऊस सरळ कारखान्याला घालतो.

(दृश्य : पाकिटावरची खूण, मग गुऱ्हाळासमोरची विक्री)

२०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सेंद्रिय म्हणून विकायच्या पाकिटावर 'जैविक भारत' ही सरकारी खूण आणली. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला यातून सूट आहे. तिथे आपणच विचारायचं : ऊस कुणाच्या रानातला, खत कुठलं, रसात काय घातलं? हंगामात गुऱ्हाळाचं दार उघडंच असतं. काहिलीपाशी उभं राहून विचारा, बोलणारी माणसं आहेत.